भूल देणारा कोण?

पणजीला मांडवीच्या काठाने जुन्या सचिवालयाजवळ गेले की एक पुतळा दिसतो. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री भान हरपून कोसळते आहे. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा 1945 पासून तेथे आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाची सहल घेऊन मी त्याच्यापुढे उभा होतो. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, "सर, हे फादर त्या बाईला पाडतायत की सावरतायत?"

मी म्हणालो, "हा आबे फारिया. हिप्नॉटिझमचा जनक म्हणतात त्याला."

"म्हणजे जादूगार?"

मराठीच्या प्राध्यापकाला कोणत्याही प्रश्नावर पाच मिनिटे बोलता येते, असा आमच्याविषयी एक प्रवाद आहे. त्या दिवशी मला एक वाक्यही बोलता आले नाही. एक तर मला खरोखरच काही ठाऊक नव्हते. आणि दुसरे असे, की सकाळपासून माझे निम्मे लक्ष पणजी पाहण्याकडे नव्हतेच. ते होते जवळचे शौचालय कोठे आहे, याकडे. विद्यार्थ्यांना सहकाऱ्याच्या स्वाधीन करून मी समोरच्या एका हॉटेलात शिरलो, तो वीस मिनिटांनी बाहेर आलो.

त्या पुतळ्याचा आणि माझ्या पोटाचा काही संबंध असेल असे त्या वेळी मला कोणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. तो संबंध मला पुढे कसा कळला, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

शब्दातच खोट

सहलीहून परतल्यावर मी धंद्याच्या सवयीप्रमाणे आधी शब्दाकडे वळलो. 'संमोहन' हा शब्द आपल्याकडे जुना. कामदेवाच्या पाच बाणांत एक संमोहन आहे. विराटपर्वात अर्जुन कौरवसेनेवर संमोहनास्त्र सोडतो, महारथी बेशुद्ध पडतात आणि उत्तर खाली उतरून त्यांची उंची वस्त्रे काढून आणतो. मराठीत आपण मोहिनी घालतो, भुरळ पाडतो, भूल देतो. या सर्व क्रियापदांची गंमत अशी, की कर्ता नेहमी दुसरा कोणी तरी असतो. आपण फक्त बळी. बाण सोडणारा वेगळा, लागणारा वेगळा.

माझ्या लहानपणी देवगड तालुक्यातील आमच्या शाळेत एक 'प्रोफेसर' आले होते. काळा कोट, मोठा आवाज, सोबत एक पेटी. त्यांनी आमच्या वर्गातील एका मुलाला व्यासपीठावर बोलावले, डोळ्यांपुढे बोट फिरवले, काही पुटपुटले आणि कांदा हातात देऊन म्हणाले, "हे काश्मीरचं सफरचंद. खा!" आमच्या मित्राने तो कांदा मिटक्या मारीत खाल्ला. आम्ही थक्क झालो. दोन दिवस त्याच्याशी बोलायचीही आम्हांला भीती वाटे. पुढे बऱ्याच वर्षांनी तो भेटला तेव्हा मी विचारले, "काय रे, खरंच सफरचंद लागलं होतं?" तो म्हणाला, "नाही रे, कांदाच होता. कळत होतं मला. पण त्या वेळी तो सफरचंद म्हणून खावासा वाटत होता, एवढं खरं."

हे उत्तर मी तेव्हा हसण्यावारी नेले. आज मला वाटते, अनेक जाड्या ग्रंथांत नाही एवढे शहाणपण त्याच्या त्या उत्तरात होते.

कांदोळीचा मुलगा

जुझे कुस्तोदियो द फारिया याचा जन्म 31 मे 1756 रोजी बार्देशातील कांदोळी गावी झाला. आईवडिलांचे पटेना. तेव्हा चर्चच्या परवानगीने दोघे वेगळी झाली. वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण म्हणून राहिली. 1771 साली वडील पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन जहाजाने लिस्बनला गेले. पुढे मुलगा रोमला शिकला आणि 1780 मध्ये पाद्री झाला. जन्मभूमीला त्याचे पाय पुन्हा लागले नाहीत.

त्याच्याविषयी गोव्यात एक आख्यायिका घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन करण्याचा मान या तरुणाला मिळाला. तो वेदीवर चढला, समोरचे दरबारी आणि सरदार पाहिले आणि त्याची दातखीळच बसली. एक शब्द फुटेना. तेव्हा खाली बसलेले वडील हळूच कोंकणीत पुटपुटले, की अरे, ही सगळी भाजी आहे, काप ती भाजी! मुलाची भीती त्या क्षणी गेली आणि तो अस्खलित बोलू लागला. वडिलांच्या त्या चार शब्दांनी असे काय केले, या विचाराने म्हणे त्याला जन्मभर पछाडले.

आख्यायिका खरी की खोटी, ते बाजूला ठेवू. माझ्यासारख्या रोज साठ मुलांपुढे उभे राहणाऱ्या माणसाला ती खरी वाटते. शिवाय तिच्यात पुढच्या सगळ्या शास्त्राचे बीज आहे. दरबारी होते तेथेच होते. त्यांची भाजी झाली नव्हती. बदलले होते ते बोलणाऱ्याचे पाहणे.

बागेतील जर्दाळूचे झाड

फारिया 1788 साली पॅरिसला आला. त्याच्या आधी दहा वर्षे, 1778 मध्ये, तेथे व्हिएन्नाहून फ्रान्झ मेस्मर नावाचे डॉक्टर आले होते. विश्वात एक अदृश्य द्रव भरून राहिला आहे, तो शरीरात अडला की रोग होतो आणि आपल्या अंगच्या चुंबकशक्तीने आपण तो वाहता करतो, असा त्यांचा दावा. मोठ्या लाकडी पिंपाभोवती रोगी बसत, पिंपातून निघालेल्या लोखंडी सळया दुखऱ्या जागी लावत आणि मेस्मरसाहेब मधून फिरत. कोणी किंचाळे, कोणी थरथरे, कोणी मूर्च्छित पडे. आणि कित्येकांना खरोखरच बरे वाटे.

1784 साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँक्लिन होते, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते, आणि ज्यांचे नाव पुढे शिरच्छेदाच्या यंत्राला मिळाले ते डॉक्टर गिलोतँही होते. फ्रँक्लिन यांच्या बागेत एक मजेदार प्रयोग झाला. मेस्मरच्या शिष्याने एका जर्दाळूच्या झाडात 'चुंबकशक्ती' भरली. मग एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला, आणि ते झाड भलतेच होते! समितीने निकाल दिला, की द्रव वगैरे काही नाही. हा सारा कल्पनेचा खेळ.

निकाल बरोबर होता, पण एक प्रश्न मात्र तसाच राहिला. नुसत्या कल्पनेने जर धडधाकट मुलगा बेशुद्ध पडतो, तर कल्पना ही काय साधी गोष्ट आहे? समितीने हा प्रश्न दारातच सोडला. तो उचलून घरात नेला तो आमच्या कांदोळीच्या पाद्र्याने.

1813 च्या ऑगस्टपासून फारिया पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरील एका घरात प्रयोगांसह व्याख्याने देऊ लागला. पिंप नाही, सळया नाहीत. माणसाला आरामात खुर्चीवर बसवायचे, डोळे मिटून झोपेवर मन एकाग्र करायला सांगायचे आणि मग ठाम आवाजात म्हणायचे, "झोपा!" काही झोपत, काही झोपत नसत. त्याचे म्हणणे असे, की माझ्या अंगात कोणतीही शक्ती नाही. ही झोप झोपणाऱ्याच्या आतून येते. पुसट का होईना, त्याने त्या क्रियापदाचा कर्ता बदलला. काही माणसांनाच ही झोप का लागते, याचे त्याने दिलेले कारण मात्र चुकीचे होते. ज्यांचे रक्त पातळ त्यांना ती लवकर लागते, असे तो समजे. असो. प्रत्येक शहाण्या माणसाला एखादी चूक करण्याची मुभा असावी.

पॅरिसकरांनी त्याला ही मुभा दिली नाही. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्याची फजिती केली. 1816 साली त्याची टर उडवणारे नाटक रंगभूमीवर आले. सावळ्या वर्णाचा हा परका पाद्री शहराच्या चेष्टेचा विषय झाला. व्याख्याने बंद पडली. एका मुलींच्या शाळेत धर्मोपदेशक म्हणून त्याने अखेरचे दिवस काढले. आपल्या ग्रंथाचा पहिला खंड छापून होतो न होतो तोच 20 सप्टेंबर 1819 रोजी तो वारला. त्याच्या थडग्यावर नावही नाही. अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीतील तुरुंगात खितपत पडलेल्या वृद्ध पाद्र्याला त्याचे नाव मिळाले आणि बरीच वर्षे जगाला तो तेवढाच आठवत होता. पुढे नान्सी येथील प्राध्यापक बर्नहाइम यांनी, सूचनेने येणाऱ्या संमोहनाचा पहिला मान फारियाचा, असे उघड मान्य केले. 1925 मध्ये पोर्तुगालचे डॉक्टर एगास मोनिझ यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले. या मोनिझना 1949 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हुगळीचा सर्जन

मराठीत 'भूल' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. चकव्याने पडते तीही भूल आणि शस्त्रक्रियेपूर्वी देतात तीही भूल. हे दोन अर्थ एके काळी खरोखरच एक झाले होते, आणि तेही आपल्याच देशात.

जेम्स एस्डेल हा स्कॉटलंडचा सर्जन बंगालमध्ये हुगळी येथे सरकारी नोकरीत होता. 4 एप्रिल 1845 रोजी एका कैद्यावर अंडवृद्धीची शस्त्रक्रिया करताना तो माणूस वेदनेने तळमळू लागला. त्या काळी शुद्धीवर असलेल्या माणसावरच सुरी चालवावी लागे. एस्डेलने मेस्मरच्या पद्धतीविषयी फक्त वाचले होते, पाहिले काहीच नव्हते. निरुपायाने त्याने कैद्याच्या अंगावरून हात फिरवीत बसण्याचा प्रयोग केला. बऱ्याच वेळाने तो कैदी असा निश्चेष्ट झाला, की टाचणी टोचली तरी कळेना. त्यानंतर एस्डेलने अंधाऱ्या खोलीत रोग्यांवर तास न् तास हात फिरवण्यासाठी आपल्या देशी मदतनिसांना तयार केले आणि मोठमोठ्या गाठी काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. 1846 साली सरकारने समिती नेमून त्याचे काम तपासले आणि कलकत्त्यात त्याच्यासाठी एक छोटे रुग्णालय उघडून दिले.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत बोस्टनला ईथरची भूल यशस्वी झाली. पुढच्या वर्षी एडिंबरोत क्लोरोफॉर्म आले. दोन तास हात फिरवायचा, आणि तरी एखाद्याला भूल लागायची नाही. त्यापेक्षा दोन मिनिटांत कोणालाही झोपवणारी बाटली बरी. सर्जनांनी बाटली घेतली, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. एस्डेल 1851 मध्ये मायदेशी परतला. हा सारा अदृश्य द्रवाचा प्रताप, असेच तो अखेरपर्यंत मानीत राहिला.

त्याच सुमारास मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या सर्जनाने 1841 मध्ये एका फ्रेंच खेळियाचे प्रयोग पाहिले, घरी जाऊन स्वतः करून पाहिले आणि द्रवाची कल्पना कायमची मोडीत काढली. ग्रीकांच्या निद्रादेवतेच्या नावावरून 1843 च्या आपल्या पुस्तकात त्याने या प्रकाराला जे नाव रूढ केले, त्यातूनच आजचा हिप्नॉटिझम. नाव मात्र फसवे पडले. संमोहन ही झोप नव्हे. मेंदूच्या विद्युत्‌लहरी टिपणाऱ्या यंत्रावर ती जागेपणीसारखीच दिसते. पुस्तकात गढलेल्या माणसाला दूध उतू गेल्याचे कळत नाही, तशी ती एका ठिकाणी गोळा झालेली जागृती आहे.

माझे चिडके आतडे

आता माझ्या पोटाकडे येतो. विषय सभ्य नाही, याची मला जाणीव आहे. पण तो सभ्य नाही म्हणूनच त्याविषयी कोणी बोलत नाही, आणि न बोलल्याने काय होते ते मी भोगले आहे.

दहा वर्षे माझे पोट मुरडून दुखे. पहिल्या तासाला जायच्या आधी तीनदा, कधी चारदा शौचास जावे लागे. सर्व तपासण्या झाल्या. रक्त तपासले, सोनोग्राफी केली, दुर्बिणीने आतडे पाहिले. प्रत्येक वेळी अहवाल उत्तम! एका डॉक्टरांनी तर फाइल मिटून म्हटले, "तुम्हांला काही झालेलं नाही. हे सगळं मनाचं आहे." घरी येताना वाटले, एखादा रोग निघाला असता तर बरे झाले असते; निदान खोटारडा तरी ठरलो नसतो.

पुढे पोटाच्या एका तज्ज्ञांनी या दुखण्याचे नाव सांगितले, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नाही, सूज नाही. पण आतडे आणि मेंदू यांच्यातील बोलणे बिघडलेले. साध्या वाऱ्याची हालचालही मेंदूला कळ म्हणून पोचते, मेंदू घाबरतो, की आतडे आणखी चिडते. दुखणे खरे, फक्त ते छायाचित्रात दिसत नाही.

या दुखण्याने माझी एस. टी. सुटली. कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून देवगडला आमच्या गावी जायचे म्हणजे चार-पाच तास. मध्ये गाडी थांबेल तेव्हाच थांबणार. त्या कल्पनेनेच माझे पोट आदल्या रात्रीपासून ढवळू लागे. कोकणातला माणूस गणपतीला घरी जात नाही, असे होत नाही. मी सलग दोन वर्षे गेलो नाही. आईला फोनवर सांगितले, "कॉलेजात नॅकची समिती येणार आहे." आईने वाडीतल्या साऱ्यांना सांगितले, की त्याच्या कॉलेजात नाकाची कसली तरी समिती येते, म्हणून त्याला सुटी नाही. बायको हसली, मीही हसलो. पण रात्री झोप आली नाही.

मग एका पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. भावाचा फोन आला, कणकवलीला नेतो आहे, ताबडतोब ये. मी भाड्याची मोटार केली. घाटात आणि घाटाखाली मिळून चार वेळा ती थांबवली. पोचलो तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती. आत नेताना आईने मी आलो का, असे दोनदा विचारले होते, हे मला वहिनीने सांगितले. आईने मात्र मला काही विचारले नाही.

परत आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तो पणजीचा पाद्री तुम्ही एवढा वाचता, त्याचा उपयोग नुसता लेख लिहायलाच करणार का?"

डॉक्टरबाईंची खोली

पोटाच्या तज्ज्ञांनीच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिली. काळा कोट नव्हता, लोलक नव्हता. साधी खोली, पंखा, खुर्ची. पहिल्या दिवशी संमोहन झालेच नाही. त्यांनी तासभर माझे सगळे अहवाल वाचले. "रक्त जातंय का? वजन घटलंय का? रात्री दुखण्यानं जाग येते का?" असे विचारले. ही लक्षणे असतील तर आधी पुन्हा तपासणी, मग बाकीचे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मला डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. एका मनगटाला फुगा बांधला आहे, दुसऱ्या हातावर जाड पुस्तक ठेवले आहे, अशी कल्पना करायची. मी हौसेने केतकरांच्या ज्ञानकोशाचा खंड घेतला. डोळे उघडले तर एक हात चांगला वीतभर खाली आला होता. बाई म्हणाल्या, "मध्यम आहे तुमची ग्रहणशक्ती. पुरे होईल." ही क्षमता माणसागणिक वेगळी असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1959 साली ती मोजण्याची श्रेणीही तयार झाली. फार चटकन गुंगणारे थोडे, मुळीच न गुंगणारे थोडे, आणि आपण बहुतेक जण मधले.

मी समजत होतो, की आता मला शुद्ध राहणार नाही. तसे काहीच झाले नाही. रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती, भाजीवालीची आरोळी ऐकू येत होती. तिसऱ्या बैठकीत तर मी सबंध वेळ परीक्षेच्या वेळापत्रकाचा विचार करीत होतो. उठल्यावर मी तसे कबूल केले. बाई म्हणाल्या, "हरकत नाही. पुढच्या वेळी वाहत्या पाण्याचं एखादं चित्र तुम्हीच आणा. माझं नको."

मी आमच्या वाडीतला व्हाळ आणला. पावसाळ्यात तो तांबडा होऊन धडधडत येतो आणि दिवाळीपर्यंत नितळ होतो, दगडांमधून नुसता सरकत राहतो. बाईंनी मला दोन्ही तळवे पोटावर ठेवायला सांगितले. तळवे ऊबदार होत आहेत, ती ऊब आत झिरपते आहे. आणि आता तो व्हाळ पाहा, पूर ओसरला आहे, पाणी आपल्या गतीने चालले आहे. आवाज त्यांचा होता, पण व्हाळ माझा होता. काठावर आईने धुणे वाळत घातलेले मला दिसले. कधी तरी माझा श्वास लांब झाला. पोटातली ती कायमची मूठ सैल झालेली मला कळली आणि डोळ्यांतून पाणी आले. बेशुद्ध मी एक क्षणही नव्हतो. माझ्या त्या मित्राचा कांदा मला त्या दिवशी कळला.

अशा आठ बैठका झाल्या. त्यांचा आवाज मोबाइलवर घेऊन मी रोज वीस मिनिटे घरी सराव केला. मी आभार मानू लागलो तेव्हा बाई म्हणाल्या, "मी फक्त वाट सांगितली. चाललात तुम्ही." फारिया दोनशे वर्षांपूर्वी क्लिशी रस्त्यावर हेच सांगत होता.

गुण किती, भ्रम किती

माझ्या एकट्याच्या अनुभवावर कोणी विसंबू नये. म्हणून थोडे बाहेरचे सांगतो. ब्रेडच्याच मँचेस्टर शहरात व्होरवेल नावाच्या डॉक्टरांनी 1984 साली औषधांना दाद न देणाऱ्या अशा 30 रोग्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना संमोहनाच्या सात बैठका, निम्म्यांना तेवढ्याच वेळा नुसते बोलणे आणि खोटी गोळी. संमोहनाचा गट स्पष्टपणे सरस ठरला. त्याच केंद्राने 2003 मध्ये 204 रोग्यांचा हिशेब मांडला. शंभरांत 71 जणांना गुण आला होता, आणि त्यांतील बहुतेकांचा तो पुढे काही वर्षे टिकला. याचाच दुसरा अर्थ असा, की शंभरांत 29 जणांना आला नाही. तोही आकडा लक्षात ठेवावा.

ब्रिटिश वैद्यक संघाने 1955 मध्ये आणि अमेरिकन संघाने 1958 मध्ये संमोहनाला उपचाराचे साधन म्हणून मान्यता दिली. वेदना, शस्त्रक्रियेआधीची धास्ती, दात काढण्याची भीती यांत त्याचा उपयोग होतो. 1997 साली माँट्रियलच्या संशोधकांनी माणसांचे हात कढत पाण्यात ठेवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. संमोहनात त्यांना, ही कळ तेवढी त्रासदायक नाही, अशी सूचना दिली, तेव्हा त्रासाशी निगडित असलेल्या भागाचे काम बदलले. कळ कोठे आहे ते सांगणारा भाग तसाच राहिला. म्हणजे कांदा कांदाच राहतो, फक्त तो झोंबत नाही.

पण जेथे नाही तेथे नाही म्हटले पाहिजे. सिगारेट सोडवण्याविषयी जाहिराती पुष्कळ, पुरावा कच्चा. कर्करोग, मधुमेह यांवर हा इलाज नव्हे; फार तर त्यांतील वेदना आणि भय हलके होईल. भ्रम होणाऱ्या, आवाज ऐकू येणाऱ्या रोग्यावर कोणा हौशी माणसाने हा प्रयोग मुळीच करू नये. आणि सर्वांत मोठा धोका स्मृतीचा. संमोहनात माणूस लहानपणीचे, कधी 'मागच्या जन्मीचे'ही भडाभडा सांगतो. पण गुंगलेले मन जसे आठवते तसेच रचतेही, आणि रचलेले अधिकच खरे मानते. अशा आठवणींवर घरे मोडली आहेत, खटले उभे राहिले आहेत. जो 'पूर्वजन्मात नेतो' म्हणून पैसे घेतो, त्याच्या दारावरून पुढे जावे.

मग जावे कोणाकडे? माझी एक साधी कसोटी आहे. जो संमोहनाशिवायही तुमचे दुखणे ओळखू आणि हाताळू शकतो, त्याच्याकडेच संमोहनासाठी जावे. दातांसाठी दातांचा डॉक्टर, मनासाठी मनाचा. ज्याला फक्त संमोहनच येते, त्याला सगळीकडे कांद्याची सफरचंदेच दिसणार.

सहाची गाडी

माझे पोट पूर्ण बरे झालेले नाही. मिसळ अजून वर्ज्य आहे. परीक्षेच्या दिवसांत ते चिडते. पण निम्म्याहून अधिक दुखणे गेले, आणि उरले त्याची भीती गेली.

गेल्या गणपतीला मी कोल्हापूरच्या स्थानकावर सकाळी सहाच्या एस. टी.त बसलो. बायकोने मोटार करू म्हटले होते. मीच नको म्हणालो. दाराजवळची जागा रिकामी होती, तरी मुद्दाम खिडकीची घेतली. गगनबावड्याला पोट एकदा कुरकुरले. मी तळवे पोटावर ठेवले, डोळे मिटले आणि व्हाळाच्या काठी जाऊन बसलो. शेजारच्या माणसाला वाटले, मला गाडी लागते. त्याने बिचाऱ्याने लिंबू पुढे केले. मी ते घेतले. घाट कधी उतरलो ते कळले नाही. तळेऱ्याला उतरून चहा घेतला, तोही नुसता तल्लफ म्हणून.

आई ओटीवर काठी घेऊन बसली होती. मला पाहून म्हणाली, "इलंस? मग ती नाकाची समिती गेली काय?"

"गेली," मी म्हणालो.

त्या रात्री आरती झाल्यावर मी तिला सगळे खरे सांगितले. दोन वर्षांचे खोटे, मोटार चार वेळा थांबली ते, बाईंची खोली, व्हाळ, धुणे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग वहिनीला हाक मारून हिंग घातलेले ताक आणायला सांगितले आणि पेला माझ्यापुढे सरकवला. मी तो मुकाट्याने संपवला.